भूगोलाचा तास : फक्कीचा ब्राझील आणि नाशिकला गेलेली शाळा

(कऱ्हाडच्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. दहावीची परीक्षा जवळ आली की भूगोलाची आठवण सगळ्यांना एकदम होते, कारण वेळापत्रकात तो बहुधा शेवटी असतो आणि घरातही त्याची पाळी शेवटीच येते. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवलेत, म्हणून पत्रांत ब्राझील सारखा डोकावतो.

आमच्या शाळेत भूगोलाचं साहित्य म्हणजे भारताचा एक गुंडाळीचा नकाशा, तोही तेलंगण होण्याआधीचा, आणि आस मोडलेला पृथ्वीगोल. ब्राझीलचा नकाशाच नाही. डिजिटल बोर्ड आहे, पण विजेचा भरवसा नाही. यंदा पाच हजार रुपये मिळतील असं दिसतं. काय घेऊ? (एक शिक्षक, ता. सांगोला)

सर, पहिलं म्हणजे तो जुना नकाशा टाकू नका. वर्गात टांगा आणि मुलांना सांगा, यात काय काय चुकीचं झालंय ते शोधा. तेलंगण २०१४ मध्ये आलं, लडाख २०१९ मध्ये वेगळं झालं, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली २०२० मध्ये एक झाली. मास्तरांचा नकाशा चुकलाय हे दाखवायला मिळतंय म्हटल्यावर शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा खुर्चीवर चढतात. पृथ्वीगोलाच्या आसाला सायकलच्या चाकाची तार चालते. फक्त साडेतेवीस अंश कललेली बसवा.

पैशांतून एकाच आवृत्तीचे मराठी नकाशासंग्रह घ्या, जितके येतील तितके. एकाच आवृत्तीचे, हे महत्त्वाचं. नाहीतर तुम्ही ‘पान २४ काढा’ म्हणता आणि निम्मा वर्ग आफ्रिकेत असतो.

ब्राझीलचा नकाशा मात्र विकत घेऊ नका. मैदानावर काढा. क्रीडास्पर्धेला मैदान आखायला आणलेली फक्की, म्हणजे पांढरी पूड, उरलेली असतेच. प्रमाण सोपं ठेवा, १ सेंटीमीटरला १० किलोमीटर. ब्राझीलची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४,४०० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे ४,३०० किलोमीटर, म्हणजे मैदानावर ४.४ मीटर उंच आणि ४.३ मीटर रुंद. शेजारी त्याच प्रमाणात भारत, ३.२ मीटर आणि २.९ मीटर. नकाशासंग्रहातल्या पानावर पेन्सिलीने चौकोन आखायचे, मैदानावर सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन एकेका गटाला द्यायचा. रेषा थोडी वाकडी आली तर येऊ द्या.

हा खटाटोप कशासाठी? पुस्तकात भारत एका पानावर, ब्राझील एका पानावर. दोन्ही पानं सारखी, त्यामुळे मुलांच्या डोक्यात दोन्ही देश सारखे बसतात. क्षेत्रफळाचे आकडे, ३३ लाख आणि ८५ लाख चौरस किलोमीटर, पाठ असूनही. मैदानावर भारत ब्राझीलच्या पोटात मावतो आणि वर जागा उरते, तेव्हा कुठे आकडा अंगाला लागतो.

आता त्यावर लोकसंख्या ओता. पुस्तकातल्या २०११ आणि २०१० च्या जनगणनांप्रमाणे भारत १२१ कोटी, ब्राझील १९ कोटी. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं होती. छत्तीस भारतात, सहा ब्राझीलमध्ये. भारतात एकमेकांच्या पायांवर पाय, रडारड, ‘बाई, हा मला हिंदी महासागरात ढकलतोय.’ ब्राझीलमधल्या सहांपैकी पाच जणांना मी पूर्वेच्या किनाऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि एकालाच आत सोडलं. त्या पोराने मोकळ्या अॅमेझॉनच्या खोऱ्यात मांडी घातली आणि खिशातले शेंगदाणे काढून खायला लागला. लोकसंख्येची घनता आणि असमान वितरण हे दोन मुद्दे त्या वर्षी मला फळ्यावर लिहावे लागले नाहीत. आमच्या पीटीच्या सरांनी मात्र खो-खोचं मैदान खराब केलं म्हणून माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं. तुम्ही आधी विचारून घ्या.

मुलगी दहावीला आहे. ‘भौगोलिक कारणे द्या’ हा प्रश्न ती गाईडमधून पाठ करते. परीक्षेत एक ओळ विसरली की सगळंच विसरते. मी स्वतः वाणिज्य शाखेची, मला शिकवता येत नाही. (एक आई, डोंबिवली)

ताई, तुम्हाला शिकवायचं नाहीये, नुसतं ‘म्हणून?’ असं विचारायचं आहे. तिला उत्तर तोंडी सांगायला लावा आणि दर वाक्यानंतर विचारा, ‘म्हणून?’ जिथे पुढचं वाक्य ‘म्हणून’ने जोडलं जात नाही तिथे तिची पाठांतराची गाडी रुळावरून घसरलेली असते. एवढं कळायला वाणिज्य शाखा पुरे.

उदाहरण घेऊ. ‘ब्राझीलचा ईशान्य भाग कोरडा आहे.’ गाईडात चार ओळी असतील. खरं तर तुमच्या मुलीला हे उत्तर येतं, फक्त तिला ते माहीत नाही. तुम्ही कधी महाबळेश्वरला गेला असाल. पावसाळ्यात तिथे हात पसरला तर बोटं दिसत नाहीत, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की पाऊस विरळ. आणखी पूर्वेला माणदेशात गेलात तर ५०० मिलिमीटरसुद्धा नवसाने. वारा पश्चिमेकडून समुद्रावरून येतो, म्हणून बाष्प घेऊन येतो. सह्याद्री आडवा आहे, म्हणून त्याला वर चढावं लागतं. वर गेल्यावर तो थंड होतो, म्हणून बाष्पाचं पाणी होऊन तिथेच कोसळतं. पलीकडे उतरतो तो कोरडा वारा, म्हणून माणदेश पर्जन्यछायेत.

आता हेच चित्र आरशात बघा. ब्राझीलला समुद्र पूर्वेला. वारे आग्नेयेकडून येतात. आडवा आहे तो किनाऱ्यालगतचा उच्चभूमीचा कडा. म्हणून पाऊस किनाऱ्यावर आणि त्यामागचा ईशान्येचा भाग पर्जन्यछायेत. त्यालाच पुस्तकात ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हटलंय. तीन गुणांच्या उत्तराला तीन गोष्टी लागतात : वारा कुठून आला, आडवं काय आलं, पलीकडे काय झालं. भाषा तिची स्वतःची असू दे. गाईडच्या भाषेला जादा गुण नसतात, हे मी पेपर तपासलेली बाई म्हणून सांगते.

बाई, मला नकाशात चारपैकी दोनच गुण पडतात. जागा बरोबर असते. आणि आलेख रेषालेख काढायचा की स्तंभालेख हे कळत नाही. (इयत्ता दहावी, गेवराई)

तू सूची देत नसणार. नकाशात ठिपका बरोबर आहे, पण तो ठिपका कशाचा, हे परीक्षकाने ओळखायचं का? चौकट आखून सूची कर, प्रत्येक गोष्टीला वेगळी खूण घे. नदी रेषेने, शहर ठिपक्याने, प्रदेश छटेने. जंगलाचा भाग दाखवायला नुसता ठिपका दिलास तर जागा बरोबर असून गुण गेला. नकाशाची पुरवणी मुख्य उत्तरपत्रिकेला बांधायला विसरू नकोस. हे दरवर्षी कोणीतरी विसरतं आणि घरी जाऊन रडतं.

आलेखाचं सोपं आहे. एकच गोष्ट वर्षांनुसार कशी बदलली हे दाखवायचं असेल तर रेषा. वेगवेगळ्या गोष्टींची तुलना असेल तर स्तंभ. पण प्रश्नातच ‘रेषालेख काढा’ किंवा ‘स्तंभालेख काढा’ असं लिहिलेलं असेल तर माझं ऐकू नकोस, प्रश्नाचं ऐक. प्रमाण आधी ठरव. भारताची लोकसंख्या १९५१ ची ३६ कोटी आणि २०११ ची १२१ कोटी असेल तर १ सेंटीमीटरला २० कोटी घे, साडेसहा सेंटीमीटरच्या आत बसते. प्रमाण कोपऱ्यात लिही, अक्षांना नावं दे.

आणि हिशेब कर : नकाशा भरणं ४, नकाशावाचन ४, आलेख ६. चाळीसपैकी चौदा गुणांना पाठांतर जवळपास लागतच नाही. पेन्सिलीला टोक लागतं.

आमच्या वेळी आधी जिल्हा, मग महाराष्ट्र, मग भारत असा भूगोल होता. नात दहावीला आहे, तिला ब्राझील! त्या ब्राझीलचं आम्हाला काय? (निवृत्त बँक कर्मचारी, वय ७४, वेंगुर्ले)

काका, हे पत्र तुम्ही वेंगुर्ल्याहून लिहिलंत म्हणून मला हसू आलं. तुमच्या परसात काजूचं झाड असेल. नसेल तर शेजाऱ्याकडे आहेच. ते झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं आणि तिथून ते तुमच्या डोंगरावर चढलं. ‘काजू’ हा शब्दसुद्धा तिथल्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला. ‘अननस’चंही तसंच. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेली ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ ही कलमं तुम्ही लावली असतील, तर तुम्ही नातीपेक्षा ब्राझीलच्या जास्त जवळ आहात.

नातीला एक विचारा. आपल्याकडे काजू फेब्रुवारी ते मे येतो. ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा राज्यात मात्र काजूची धामधूम आपल्या दिवाळीच्या सुमाराला असते. का? तिने ‘दक्षिण गोलार्ध’ एवढंच उत्तर दिलं तर अर्धेच गुण द्या. सेआरा विषुववृत्ताजवळ आहे, तिथे उन्हाळा-हिवाळ्याचा फरक फार नसतो. खरी गोष्ट कोरड्या हंगामाची आहे. तिथला पाऊस वर्षाच्या सुरुवातीला पडतो आणि पुढचे महिने कोरडे जातात, आणि काजूला फळायला कोरडे दिवसच लागतात.

देवाणघेवाण एकतर्फी नाही, बरं का. आंध्रच्या नेल्लोर-ओंगोल भागातली पांढरी, वशिंडाची गुरं ब्राझीलने नेली आणि तिथे ती ‘नेलोर’ या नावाने इतकी वाढली की आज तिथल्या मांसासाठीच्या गुरांत त्यांचाच भरणा आहे. दोडामार्गकडे जाताना रबराच्या बागा लागतात ना? त्या झाडाचं बी १८७६ मध्ये अॅमेझॉनच्या खोऱ्यातून इंग्लंडला गेलं, तिथून रोपं श्रीलंकेत आणि मग आशियाभर.

तुमचं एक मात्र खरं. ब्राझील शिकताना आपला तालुका सुटता कामा नये. पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचाच आहे, पण बहुतेक शाळांत ती क्षेत्रभेट बसून वाचली जाते. तुम्ही नातीला घेऊन वेंगुर्ल्याच्या बंदरावर जा. प्रश्नावली तिने करायची, चहा तुम्ही पाजायचा.

अक्षवृत्त-रेखावृत्त मुलं घडाघडा म्हणतात, पण आपण स्वतः कुठे आहोत ते सांगता येत नाही. पैसे न लागणारा एखादा प्रयोग सुचवाल का? (एक शिक्षिका, कऱ्हाड)

कऱ्हाडच्याच आहात, तेव्हा आकड्यांसकट सांगते. १ मीटरची सरळ काठी, ओळंबा (काठी उभी आहे का ते बघायला दोरीला टांगलेलं वजन), खडू आणि २१ मार्चची दुपार. (२२-२३ सप्टेंबरही चालतो, पण आपल्याकडे तेव्हा आभाळाचा नेम नसतो. मार्चमध्ये दहावी परीक्षेत असते, म्हणून हे नववीला करून घ्यावं.)

मी पहिल्यांदा केलं तेव्हा शहाणपणाने घड्याळात बरोबर बारा वाजता सावली मोजली. ३६ सेंटीमीटर भरली. मुलांनी आलेखाच्या कागदावर १० सेंटीमीटरची उभी आणि ३.६ सेंटीमीटरची आडवी रेषा काढली, कोनमापक लावला, २० अंश. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, दुपारचा सूर्य विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर असतो, म्हणून हा कोन म्हणजे आपलं अक्षांश. नकाशा उघडला तर २० अंश उत्तरेवर नाशिक! एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, ‘बाई, आपण नाशिकला आहोत.’ वर्ग फुटला. मी तास आवरता घेतला आणि घरी जाऊन वही घेऊन बसले.

चूक घड्याळाची नव्हती, माझी होती. आपलं घड्याळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि कऱ्हाड ७४ अंशांच्या जरा पुढे. सव्वाआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य ३३ मिनिटं उशिरा डोक्याशी येतो. त्यात मार्चमध्ये आणखी सात मिनिटं वाढतात, ती पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या आसाची. म्हणजे आपली खरी दुपार १२ वाजून ४० मिनिटांनी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी उभी केली. एका दिवसात सूर्य अर्ध्या अंशाइतकाही सरकत नाही, तेव्हा चालतं. सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण. सावली आखडत गेली, १२.४० च्या आसपास सर्वांत लहान झाली आणि मग पुन्हा लांबू लागली. सर्वांत लहान सावली, ३१ सेंटीमीटर. कोन सव्वासतरा अंश. नकाशात कऱ्हाड.

मुलांना कालचा आकडा पुसू देऊ नका. ३६ आणि ३१ शेजारी शेजारी ठेवून विचारा, पाच सेंटीमीटरमध्ये आपण नाशिकहून कऱ्हाडला कसे आलो? प्रमाणवेळेचा सगळा धडा त्या उत्तरात निघतो. आणि काठीला ओळंबा दोन बाजूंनी लावा. एकाच बाजूने लावलात तर काठी दुसरीकडे झुकलेली कळत नाही, आणि मग शाळा नाशिकऐवजी बेळगावला निघते. हेही आमच्याकडे झालंय.