जामीन झाला, आता तो दारात आला तर?

"त्याला जामीन मिळाला. म्हणजे आता घरी यायला मोकळाच ना?" शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंचा नवऱ्याबद्दलचा हा पहिला प्रश्न (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). पिशवीत कोर्टाचे दोन आदेश होते, एकावर एक ठेवून स्टेपल केलेले. सगळा घोळ त्या स्टेपलपासूनच सुरू झाला होता.

वरचा कागद जामिनाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८अ (नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणारा छळ), लावून दाखल झालेल्या गुन्ह्यात नवऱ्याला सोडताना कोर्टाने अट घातली होती की फिर्यादी आणि साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही. खालचा कागद २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला अंतरिम संरक्षण आदेश, म्हणजे अंतिम निकालाआधी नवऱ्याला घातलेली तात्पुरती मनाई. मजकूर जवळपास सारखाच, पण मोडला तर पुढची वाट अगदी वेगळी.

जामिनाची अट मोडणं हा आपोआप नवा गुन्हा होत नाही. तपास अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, सरकारी वकिलांना भेटायचं आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज कोर्टात जायला हवा. संरक्षण आदेश मोडला तर मात्र कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ३१ लागतं: १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलिसांना थेट नोंदवता येतो, आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही. नवरा फाटकाशी येऊन शिवीगाळ करून गेला, त्या रात्री ताईंना ठाण्यातून "कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं गेलं. का? त्यांनी पुढे केला तो वरचा कागद, जामिनाचा. खालचा कोणी उलटून पाहिलाच नाही.

शिवाय ठाण्यात संरक्षण आदेशाची प्रत पोचलेलीच नव्हती. कलम २४ प्रमाणे ती दोन्ही पक्षांना आणि त्या हद्दीतल्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना मोफत द्यायची असते. कागदावर हे सोपं. प्रत्यक्षात प्रत कोर्टाच्या टपालात अडकते, म्हणून आदेश झाल्यावर संरक्षण अधिकाऱ्यांकडे (या कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) पाठपुरावा करावा, आणि आपण एक प्रत स्वतः ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच शिक्का घ्यावा. हा शिक्का नसेल तर "आम्हाला आदेशच माहीत नाही" हे उत्तर ठरलेलं.

आता आदेशाच्या शब्दांकडे. त्यात घर आणि कामाचं ठिकाण होतं, मुलीची शाळा नव्हती. नवरा हुशार, तो शाळेच्या कोपऱ्यावर उभा राहू लागला. कलम १८ मध्ये शाळा, फोन-मेसेजसह कोणत्याही मार्गाने संपर्क, आणि पीडितेला मदत करणाऱ्या नातेवाइकांवर हिंसा, या सगळ्याला मनाई मागता येते. पण अर्जात जे नेमकं लिहिलेलं नसतं ते आदेशात क्वचितच येतं. बदल हवा तर परिस्थिती बदलल्याचं सांगून कलम २५ खाली अर्ज करता येतो. आणखी एक खाच: कलम ३१ चे शब्द 'संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश' असे आहेत. म्हणून फक्त राहण्याचा हक्क आणि पोटगी मागून थांबू नये, मनाईचा, म्हणजे संरक्षण आदेशही स्वतंत्रपणे मागावा.

ताईंना खरी टोचणी वेगळीच होती. "त्याचा फोन मी दोनदा उचलला. आदेश गेला का?" नाही. फोन उचलल्याने आदेश आपोआप रद्द होत नाही, आणि बंधन नवऱ्यावर आहे, त्यांच्यावर नाही. मात्र उलटतपासणीत "तुम्हीच बोलत होतात" हे येणारच. त्यामुळे समेटाचं बोलणं, नणंदेमार्फत आलेलं असलं तरी, वकिलांमार्फतच व्हावं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. महिलेला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

पुराव्याला एक वही पुरली: तारीख, वेळ, ठिकाण, कोणी पाहिलं. नवऱ्याचे मेसेज डिलीट केले नाहीत आणि जुना फोन विकला नाही. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

पुढच्या आठवड्यात शाळेचा उल्लेख आदेशात घालण्यासाठी अर्ज झाला. स्टेपल काढली. संरक्षण आदेश आता शिलाई मशीनच्या खणात सगळ्यात वर असतो, जामिनाचा वेगळ्या फाइलमध्ये.