अमेरिकी दक्षिणेचे गॉथिक कॅनडात कोणाकडून आले? आधी फॉकनर वाचावा का?

अ‍ॅलिस मन्रो या कॅनेडियन कथालेखिकेवर अमेरिकी दक्षिणेतील गॉथिक साहित्याचा, म्हणजे पडक्या घरांतले भय आणि दडलेली गुपिते सांगणाऱ्या लेखनाचा, प्रभाव खरोखरच आहे. तो समजण्यासाठी आधी मिसिसिपीचा कादंबरीकार विल्यम फॉकनर वाचण्याची मात्र काहीही गरज नाही.

इतक्या ठामपणे लिहिते, कारण एम.ए.च्या प्रबंधिकेच्या वेळी याच मुद्द्यावरून मार्गदर्शकांशी माझा वाद झाला होता. मी मन्रो यांच्या कथांशेजारी युडोरा वेल्टी, फ्लॅनरी ओ'कॉनर आणि कार्सन मॅककलर्स या दक्षिणेतील लेखिकांचे लेखन ठेवले होते. सरांनी समासात तांबड्या शाईने ‘फॉकनर कुठे आहे?’ एवढेच लिहून प्रकरण परत केले आणि फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ या कथेतला, प्रेताशेजारच्या उशीवरचा एमिलीचा तो करडा केस ज्याला कळला नाही त्याने गॉथिकवर लिहू नये, असे सर्वांदेखत सुनावले. मी त्यांच्यापुढे मन्रो यांची १९९४ मधील ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकातील मुलाखत ठेवली. लहान गावांवर, आपल्या ओळखीच्या जगण्यावर लिहिता येते हे दक्षिणेतील लेखकांनी आपल्याला दाखवले, पण मनापासून आवडल्या त्या सगळ्या लेखिका, फॉकनर फारसा आवडला नाही, असे त्या तीत स्वच्छ सांगतात. ‘लेखक स्वतःबद्दल काहीही बोलतात,’ असे म्हणून सरांनी ते पान बाजूला सारले. अखेर फॉकनर घालावा लागला आणि प्रकरणातली ती पाने मला अजून खुपतात.

बरे, मुलाखत सोडा, मजकूर पाहा. फॉकनरच्या मिसिसिपीत भयाच्या मुळाशी गुलामगिरी आणि यादवी युद्धातला दक्षिणेचा १८६५ चा पराभव आहे. मन्रो यांच्या, कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ह्यूरन काउंटीत आहे ती स्कॉटिश प्रेस्बिटेरियन घरांतली लाज, जी चारचौघींत उठून दिसणाऱ्या मुलीला ‘तू स्वतःला समजतेस कोण?’ असे विचारते. ‘लाइव्ह्‌ज ऑफ गर्ल्स अँड विमेन’ (१९७१) मध्ये माणसांची आयुष्ये म्हणजे स्वयंपाकघरातले लिनोलियम अंथरलेल्या खोल गुहा आहेत. पडक्या हवेलीतले भय असे रोजच्या वावरातल्या जमिनीखाली आणण्याचे धैर्य वेल्टी यांच्या कथांतील मॉर्गाना या काल्पनिक गावातून आले, असे माझे मत आहे. कॅनेडियन कादंबरीकार टिमोथी फिंडली यांनी अशा लेखनासाठी ‘सदर्न ऑन्टॅरिओ गॉथिक’ हे नाव वापरले ते १९७३ मध्ये छापलेल्या मुलाखतीत. मन्रो यांचा पहिला संग्रह त्याआधीच, १९६८ साली आला होता.

कोलंबियाची गोष्ट वेगळी आहे. तिथले कादंबरीकार गार्सिया मार्केझ यांनी १९८२ च्या नोबेल भाषणात फॉकनरला गुरू म्हटले, तेव्हा तिथे हे ऋण नाकारता येणार नाही. आपण मात्र वेल्टी यांच्या ‘द गोल्डन अ‍ॅपल्स’पासून (१९४९) सुरुवात करावी, लगेच मन्रो घ्याव्यात, आणि कोणी फॉकनर आणायला सांगितले तर मन्रो यांच्या कोणत्या कथेत तो दिसतो, ते पान त्यांनाच दाखवायला सांगावे.