पाळी मागेपुढे होत असेल तर बीज सुटायचे दिवस कसे ओळखायचे?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नाला दोन वर्षं झाली, मूल हवंय, पण पाळी कधी 32 दिवसांनी येते, कधी 45, आणि मोबाइलमधलं अ‍ॅप बीज सुटायचा म्हणून दर वेळी चौदावा दिवस दाखवतं. त्या चौदाव्या दिवसावर विसंबू नका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा कार्यकर्ती आहे, आणि या एका आकड्यापायी किती जणींचे महिने वाया जातात ते बघते.

बीज सुटल्यावर साधारण 12 ते 14 दिवसांनी पाळी येते. हा काळ फारसा हलत नाही, लांबतो तो बीज सुटण्याआधीचा. म्हणजे 32 दिवसांनी पाळी आली तर बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटलं, 45 दिवसांनी आली तर एकतिसाव्याच्या. पण पुढची पाळी कधी येणार हेच ठाऊक नसेल तर उलटं मोजणार कसं? म्हणून अंगावरची खूण बघा. पाळी गेल्यावर काही दिवस कोरडं वाटतं, मग थोडं चिकट, आणि बीज सुटायच्या सुमारास कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं पारदर्शक, बुळबुळीत पाणी जातं. दोन बोटांत धरलं तर तार निघते. ते दिसायला लागलं की एक दिवसाआड जवळ या. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम एक दिवस, म्हणून आधीचे दिवसच महत्त्वाचे. खाज किंवा वास असेल तर मात्र तो आजार समजून दाखवा.

सकाळी उठायच्या आधी थर्मामीटर लावायचा सल्लाही मिळेल. पण अंगाचं तापमान वाढतं ते बीज सुटून गेल्यावर, आणि रात्रीची लाइन आली की ओलितासाठी उठणाऱ्या बाईचा आकडा कुठला नीट येणार? महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तो महिना हिशेबात धरू नका, कॅलेंडरवर तशी खूण करून ठेवा.

आता खरं काळजीचं. पाळी वारंवार 35 दिवसांच्या पुढे जात असेल तर काही महिन्यांत बीज सुटतही नसेल. रक्त जातं म्हणजे बीज सुटलंच असं नसतं. पीसीओएस (संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढलेलं असणं, यातलं काहीही असू शकतं, आणि बहुतेकांवर उपचार आहेत. पीसीओएसमध्ये बीज सुटायचे दिवस ओळखायची लघवीची पट्टीही फसवू शकते. तुमची दोन वर्षं झालीत, आणखी दिवस मोजत बसू नका. पाळी लांबली तर आधी गावच्या आशाताईकडून निश्चय किट घेऊन दिवस राहिलेत का ते बघा. मग कॅलेंडर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करा, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आत्ताच सुरू करायचं विचारा.

आणि त्याच खेपेला भाऊजींची वीर्यतपासणी करून घ्या. साधी तपासणी आहे, सुई नाही, काही नाही. तरी आमच्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या होऊन जातात तेव्हा कुठे माणसाचं नाव निघतं. सासूबाई काही म्हणाल्या तर डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलंय म्हणून सांगा.