माइसेनची पहिली बशी घेताना

तळाची निळी तलवारजोडी बघून हुरळून जाऊ नका. ती खूण माइसेन या जर्मन पोर्सिलीन (चिनी मातीच्या) कारखान्याने 1720 च्या दशकात सुरू केली आणि तेव्हापासून तिच्या नकला होत आल्या. आधी बशीची चित्राची बाजू बघा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एखाद्या पाकळीवर धरा. हाताने रंगवलेली असेल तर कुंचल्याचा फटकारा दिसतो: सुरुवातीला रंग दाट, शेवटाला विरळ. पक्ष्याचं पीस एकेका केसासारख्या रेषेने ओढलेलं असतं. छापील असेल तर सारखे ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. हलकेच बोटही फिरवा. ग्लेझवरचा, म्हणजे चकचकीत काचेसारख्या थरावर दिलेला रंग किंचित उंच लागतो. माझी पहिली 'हाताने रंगवलेली' बशी अशीच ठिपक्यांची निघाली, आणि भिंग मी पैसे मोजल्यावर आणलं!

फुलांच्या गुच्छापासून लांब, एकटाच बसलेला किडा किंवा फुलपाखरू दिसलं तर तिथे जरा थांबा. भट्टीत पडलेला डाग किंवा खड्डा झाकायला चित्रकार असे जीव रंगवायचे. मला तर अशाच बशा आवडतात.

तलवारींवर आडवी चीर कापलेली असेल, तर कारखान्यानेच तो नग दुय्यम ठरवलेला असतो. किंमत त्या हिशोबानेच द्या.

सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, डिशवॉशरमध्ये तर नाहीच. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. रचून ठेवताना दोन बशांमध्ये फ्लॅनेलचा तुकडा ठेवा.