फायबरग्लासचं पहिलं काम: एवढं सांभाळा

कार्बन फायबर आणि व्हॅक्यूमने हवा खेचायची पद्धत सध्या बाजूला ठेवा. आधी पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि ४५० ग्रॅमची (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम) चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची चादर, घेऊन ३० बाय ३० सेंटिमीटरचा सपाट तुकडा करा. दोन थरांना साधारण ८० ग्रॅम मॅट आणि तिच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं. जास्त ओतलं की ताकद वाढते हा गैरसमज आहे, जादा रेझिनने तुकडा ठिसूळ होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मगच कॅटॅलिस्ट घाला. गॉगल, हातमोजे आणि वाफांसाठीचा मास्क हवाच. साधा कापडी चालत नाही.

नवशिक्यांचं काम बहुतेक वेळा इथे बिघडतं:

- कॅटॅलिस्ट अंदाजाने टाकणं. २०० ग्रॅम रेझिनला ३ ग्रॅम पुरे, वजनकाट्यावर मोजा. जास्त झालं तर मगातच धूर निघतो.
- नव्या साच्याला एकदाच वॅक्स लावणं. चार-पाच हात द्या, प्रत्येक हात पुसून चमकवा.
- जेलकोटवर (साच्याला सगळ्यात आधी लावायचा रंगीत रेझिनचा थर) घाईने मॅट टाकणं. बोट लावून बघा: चिकट लागावं, पण बोटाला रंग येऊ नये. ओला किंवा फार पातळ राहिला तर वरच्या रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने तो सुरकुततो.
- रोलर कमी फिरवणं. पांढरट ठिपका म्हणजे अडकलेली हवा. मधून कडेकडे रोल करा.

पावसाळ्यात दमट मॅट वापरू नका. पहिला तुकडा झाला की मधोमध कापून कड बघा, बुडबुडे लगेच दिसतील.