खारी हवा आणि टायटॅनियमची फ्रेम

प्रश्न : गेली सहा वर्षे मी क्रोमोली स्टीलची हार्डटेल माउंटन बाईक सड्यावरच्या जांभ्याच्या वाटांवर चालवतो, अगदी भर पावसातही. फ्रेमला आता जागोजागी गंज दिसू लागला आहे. बाकीचे भाग तेच ठेवून टायटॅनियमची फ्रेम घ्यावी का? सायकल हलकी होईल आणि हादरे कमी बसतील, असे मित्र सांगतात. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या मित्रांनी दिलेल्या दोन कारणांसाठी एवढा खर्च करू नये, असे मला मनापासून वाटते; गंजाचे कारण मात्र खरे आहे. वजनात फरक पडतो तो साधारण अर्धा ते पाऊण किलोचा, आणि चढावर तो जाणवला तरी भरलेल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा फारसा जास्त नसतो.

हाद्‌ऱ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. टायटॅनियम स्टीलच्या जेमतेम साठ टक्के वजनाचे, पण ताठपणाही जवळपास निम्माच; त्यामुळे स्टीलच्याच मापाच्या नळ्या वापरल्या तर फ्रेम फार लवेल, म्हणून बनवणारे नळ्या जाड व्यासाच्या घेतात आणि व्यास वाढला की ताठपणा परत येतो. म्हणजे फ्रेम मऊ वाटेल की कडक, हे धातूच्या नावापेक्षा नळ्यांच्या मापांवर अधिक ठरते. शिवाय हार्डटेलला मागे शॉक नसल्याने खडबडीत कातळाचा धक्का आधी टायर झेलतो. 2.4 इंची ट्यूबलेस टायरमधली हवा 25 वरून 22 पीएसआयवर आणून त्याच वाटेने एकदा जाऊन पाहा. मागच्या चाकाचे उसळणे कमी झालेले आपल्याला लगेच कळेल.

गंजाचे मात्र तसे नाही. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप धरतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेतही तो टिकतो, त्यामुळे फ्रेमला रंगाचीही गरज नसते. आपल्याच काळबादेवी, मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत याच धातूचे इल्मेनाइट हे खनिज सापडते, हे आठवले की मला नेहमी बरे वाटते. तरीही ॲल्युमिनियमची सीटपोस्ट (सीटची दांडी) कोरडीच बसवू नका. दोन धातूंमध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते आणि सीटपोस्ट आत घट्ट अडकते. धातू एकमेकांत अडकू न देणारी अँटी-सीझ पेस्ट लावा, स्क्रूंच्या आट्यांनाही लावा, आणि दर पावसाळ्यानंतर सीटपोस्ट एकदा बाहेर काढा.

भाग तेच ठेवायचे असतील तर आधी मापे घ्या. मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) 135, 142 की 148 मिलिमीटरचा आहे, सीटपोस्ट 27.2 ची की 31.6 ची, हे जुळले नाही तर चाक आणि सीटपोस्ट दोन्ही नव्याने घ्यावी लागतील. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची लांबीही नव्या फ्रेमला मानवणारी हवी.

खरेदीपूर्वी आपली सध्याची फ्रेम नीट तपासा. सीटपोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो भाग) काढून फ्रेम आडवी-उभी हलवा. आतून तांबूस पाणी किंवा गंजाचे पापुद्रे पडले, तर बॉटम ब्रॅकेटजवळच्या जोडांवर टॉर्च धरून तडा शोधा. तडा दिसला किंवा दाबल्यावर नळी खचली, तर ती फ्रेम चालवणे त्याच दिवशी थांबवा. नुसताच वरवरचा गंज असेल तर तो घासून प्रायमर आणि रंग द्या, नळ्यांच्या आत गंजरोधक तेलाचा फवारा मारा. टायटॅनियमचे पैसे आणखी काही वर्षे आपल्याजवळच राहू द्या.