वटहुकूम, अध्यादेश आणि जीआर: काय निघालं ते आधी बघा

विचारणा अशी आहे: ‘सरकारने अध्यादेश जारी केला’ आणि ‘सरकारने जीआर काढला’ ही दोन वाक्यं एकाच बातमीत, एकाच कागदाबद्दल सापडतात. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का? क्रियापद ‘काढणे’ बरोबर की ‘जारी करणे’? आणि जुनी माणसं ‘वटहुकूम’ म्हणतात तो यांपैकी कोणता, त्यातला ‘वट’ कुठला?

अर्थ एक नाही, जवळपासचाही नाही. अध्यादेश हा कायदा असतो, जुन्या माणसांचा वटहुकूम तो हाच. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल संविधानाच्या अनुच्छेद २१३ खाली तो काढतात, केंद्रात राष्ट्रपती १२३ खाली. बळ विधिमंडळाने केलेल्या कायद्याइतकंच. जीआर म्हणजे ‘गव्हर्नमेंट रिझोल्यूशन’, मराठीत शासन निर्णय: मंत्रालयातल्या एखाद्या विभागाने घेतलेला प्रशासकीय निर्णय. अधिसूचना एखाद्या कायद्याने दिलेला अधिकार वापरून निघते आणि राजपत्रात छापली जाते. परिपत्रकात फक्त सूचना असतात. अध्यादेश चालू कायद्याचं कलम बदलू शकतो. जीआरने कलमातला स्वल्पविरामसुद्धा हलत नाही, आणि कायद्याशी विसंगत जीआर न्यायालयात टिकत नाही.

हा घोळ कधी थांबणार? शाळेत पहिलीपासून हिंदी आणण्यावरून २०२५ साली जो वाद पेटला, त्यात १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन शासन निर्णय होते. चर्चेत मात्र ‘अध्यादेश मागे घ्या’, ‘अध्यादेश फाडा’ हीच भाषा. अध्यादेश असता तर तो मागे घ्यायला पुन्हा राज्यपालांची सही आणि राजपत्र लागलं असतं. जीआर होते म्हणूनच २९ जूनला मंत्रिमंडळाने ठरवलं आणि ते रद्द झाले. जानेवारी २०२४ मध्ये तर याहून वाईट. ‘सगेसोयरे’ शब्दाची व्याख्या असलेला २६ जानेवारीचा जो कागद वाशीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांच्या हाती पडला, त्याला वाहिन्या दिवसभर ‘अध्यादेश’ म्हणत होत्या. ती जात प्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचवणारी अधिसूचना होती, तीही मसुदा. हरकती १६ फेब्रुवारीपर्यंत मागवल्या होत्या. लोकांना वाटलं कायदा झाला. हातात होता कच्चा खर्डा. शब्द चुकला की लोकांचा हिशेब चुकतो, म्हणून राग येतो.

कागद हातात असेल तर ओळखायला दोन मिनिटं पुरतात. सुरुवात ‘ज्याअर्थी, राज्य विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही’ अशी असेल आणि पुढे ‘प्रख्यापित करीत आहेत’ असेल, तर तो अध्यादेश. त्याला सालासकट क्रमांक असतो: ‘सन अमुक चा महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक तमुक’. वर ‘शासन निर्णय क्रमांक’, मग ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’ अशी मांडणी असेल तर जीआर. त्याच्या शेवटी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वरच्या तारखेशी ते साधारण जुळले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बनावट जीआरमध्ये हा संकेतांक एक तर नसतो, नाही तर सरकारी संकेतस्थळावर टाकला की काहीच सापडत नाही. फसगत होते ती शेवटच्या ओळीने: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ‘राज्यपाल’ आणि ‘आदेश’ शेजारी दिसले की वार्ताहर अध्यादेश लिहून मोकळा. अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य सरकारचा प्रत्येक प्रशासकीय निर्णय राज्यपालांच्याच नावाने निघतो, एखाद्या कर्मचाऱ्याच्या बदलीचा आदेशही. त्या ओळीखालची सही बघा: उपसचिव, अवर सचिव किंवा कक्ष अधिकारी.

पण सगळा दोष वार्ताहरांवर टाकणं मला पटत नाही. मूळ दोष ‘अध्यादेश’ या शब्दाचाच आहे. ‘अधि’ + ‘आदेश’, म्हणजे वरचा आदेश. हा शब्द ऐकून ‘विधिमंडळ बसलेलं नसताना केलेला, मुदतीचा कायदा’ हा अर्थ कोणाच्या मनात येईल? मोठ्या साहेबाचा आदेश, एवढंच कळतं, आणि जीआर हा मोठ्या साहेबाचाच आदेश असतो. वर अधिनियम (म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा), अधिसूचना, अध्यादेश अशी एकाच चेहऱ्याची तीन भावंडं उभी केली. संविधानाच्या मराठी प्रतीत आणि राजपत्रात हाच शब्द आहे, तेव्हा कायद्याने तो बरोबरच. पण भाषा संचालनालयाने परिभाषा घडवताना संस्कृत उपसर्गावर जेवढा भर दिला, तेवढा लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दावर दिला असता तर हा गोंधळ झाला नसता. कारण शब्द होता. वटहुकूम. कोणी जीआरला वटहुकूम म्हणाल्याचं ऐकलंय?

आता ‘वट’. वडाच्या झाडाशी, पारावर वाचून दाखवलेल्या हुकमाशी त्याचा संबंध जोडू नका. त्या वाटेने गेलं तर शब्दातली खरी गोष्ट हातची जाते. माझं ठाम मत असं की हा ‘वट’ वटणे या क्रियापदाचा. हुंडी, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी, वटते, चेक वटतो. वेळेआधी वटवला की पैसे कापून घेतात तो वटाव. बाजारात ज्याचा शब्द चालतो त्याची वट. मूळ धातू संस्कृत ‘वृत्’: फिरणे, घडणे, चालू असणे. वर्तते, प्राकृतात वट्टइ, मराठीत वटते. आपली ‘वाट’ही त्याच घरची, वर्त्मन् वरून आलेली. वर्तन, प्रवर्तन, वर्तमान, वृत्त ही सगळी तीच पिलावळ. म्हणजे जे वृत्तपत्र वटहुकूम हा शब्द टाकून देतं त्याच्या स्वतःच्या नावात तोच धातू आहे.

या अर्थाने वटहुकूम म्हणजे चालता हुकूम, दाखवताक्षणी अमलात येणारा. आणि इथे शब्द संविधानाशी अक्षरशः जुळतो. वटहुकूम ही सरकारने विधिमंडळाच्या नावावर काढलेली आणि मुदतीआधी वटवलेली हुंडी आहे. कायद्याचा अंमल आज मिळाला, मान्यता मागाहून यायची आहे. सभागृहं पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मान्यता आली नाही तर तो संपतो. दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरच्या तारखेपासून मोजायचं. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून वटहुकमाचं आयुष्य जास्तीत जास्त साडेसात महिन्यांच्या आसपास. एवढा सगळा व्यवहार ‘वट’ या दोन अक्षरांत बसतो, ‘अधि’त त्यातलं काहीच नाही.

जादूटोणाविरोधी वटहुकूम ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर निघाला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचा कायदा झाला. हा वटला. जुलै २०१४ मध्ये आरक्षणाचे दोन निघाले, मराठा समाजासाठी १६ टक्के आणि मुस्लिमांतील मागास गटांसाठी ५ टक्के. डिसेंबरमध्ये पहिल्याचा कायदा करून घेतला गेला, दुसऱ्याचा झाला नाही आणि मुदत संपताच तो गेला.

तीच हुंडी पुन्हा पुन्हा काढली तर? बिहारने नेमकं तेच केलं. १९६७ ते १९८१ या काळातले २५६ वटहुकूम तिथे एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले, मुदत संपली की नवा क्रमांक देऊन तोच मजकूर पुन्हा. हे उघड्यावर आणलं पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डॉ. डी. सी. वाधवा यांनी, राजपत्रांचे गठ्ठे उपसून. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये या प्रकाराला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी पुढे जाऊन, वटहुकूम सभागृहापुढे न ठेवणं हाच अधिकाराचा दुरुपयोग असल्याचं सांगितलं. तोही खटला बिहारचाच.

‘हुकूम’ अरबी म्हणून वटहुकूम नको, असं म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांना एकच विचारतो: जिल्हा, तहसील, जप्ती, अनामत, तारीख यांचं काय करणार? हे सगळे अरबीतूनच आले आणि सरकारी कागदांत आजही ठाण मांडून आहेत. हिकमत आणि हाकीम हे हुकमाचेच भाऊ, एकाच अरबी धातूचे. त्यांना मराठीत कोणी परकं मानत नाही.

जीआरबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. उत्तर प्रदेशात शासनादेश म्हणतात, तमिळनाडू-केरळात जी. ओ., म्हणजे आदेश. आपल्याकडे ‘रिझोल्यूशन’ का? हा मुंबई इलाख्याचा वारसा. गव्हर्नर आपल्या कौन्सिलसह बसून ठरवत असे, म्हणून तो ठराव. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली. गुजरातने गुजरातीत ‘ठराव’ हाच शब्द ठेवला, आपण ‘शासन निर्णय’ केला. ठराव म्हटलं की कोणीतरी बसून, बोलून ठरवलंय हे कळतं. निर्णय एकट्याचाही असतो. गुजरातचा शब्द जास्त चांगला आहे.

राहिलं क्रियापद. ‘काढला’ आणि ‘जारी केला’ दोन्ही बरोबर. ‘जारी’ अरबी, मूळ अर्थ वाहता, चालता. राजपत्रात अध्यादेशासाठी ‘प्रख्यापित’ येतं, बातमीत त्याची गरज नाही. ‘वटहुकूम काढला’, ‘जीआर निघाला’, ‘मसुदा अधिसूचना प्रसिद्ध झाली’ एवढं नीट लिहिलं तरी पुरे, आणि मसुदा असेल तिथे ‘मसुदा’ हा शब्द मथळ्यातच हवा.